चाकांचा रंग

वाहनाच्या सर्व अवयवांत चाकाइतके हाल दुसऱ्या कोणाचेही होत नाहीत. चिखल त्याच्याच वाट्याला येतो, खडीचा मारा तेच सोसते, आणि ब्रेक लावला की घर्षणाची धूळ व धग प्रथम त्याच्याच अंगावर येते. असे असूनही वाहन सजविण्याची वेळ आली म्हणजे माणसाचे लक्ष हटकून चाकाकडे जाते. पोळ्याला बैलांची शिंगे रंगली की पुष्कळ गावांत गाडीच्या आऱ्यांवरूनही रंगाचा हात फिरे. दसऱ्याला मोटारीला झेंडूची माळ घालणारा आजचा शहरी मालकही चाके आधी घासून काढतो. या हौसेच्या मुळाशी मोठा व्यवहार होता. लाकूड पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते, आणि असे दोन-चार पावसाळे गेले की आरे तुंब्यात खिळखिळे होतात. शेंदूर आणि जवसाचे तेल यांचा एक हात दिला की ते दुखणे काही वर्षे लांबणीवर पडते. रंग हे लाकडाचे औषध होते. शोभा त्यासोबत आपोआप येई.

मोटार जन्माला आली ती घोडागाडीच्या घरात. तिची पहिली चाके लाकडी होती, आणि तोफेच्या गाड्यावरील चाकांच्या धर्तीची म्हणून त्यांना ‘तोफखान्याची चाके’ असे नाव इंग्रजीत पडले. रंगविणारे कारागीरही घोडागाड्यांच्याच कारखान्यांतून आले आणि येताना आपली पद्धत घेऊन आले. प्रथम सफेद्याचा अस्तरहात, मग लांबी भरणे, मग प्युमिस दगडाने पाण्यात घासणे, त्यावर रंगाचे हात आणि शेवटी रोगणाचे हात, असा तो क्रम असे. एकेका गाडीवर हातांची संख्या वीसच्या घरात जाई आणि प्रत्येक हात वाळण्यासाठी थांबावे लागे. महिना सहज उलटे. चाकांवरील बारीक रंगीत रेघा काढण्याची त्यांची युक्ती मोठी सुंदर होती. चाक घोडीवर चढवून हळू फिरवावयाचे आणि लांब केसांचा ब्रश एका जागी निश्चल धरावयाचा. रेघ चाक स्वतःच काढून घेई. कारागिराने फक्त हात हलू द्यावयाचा नाही.

हा हात पुढे हलू लागे, आणि त्याचे कारणही रंगातच होते. सफेदा म्हणजे शिशाचा क्षार. तो घासताना उडणारी धूळ पोटात आणि फुफ्फुसात जाई. रंगाऱ्यांचा पोटशूळ हे दुखणे युरोपातील वैद्यांना शतकानुशतके ठाऊक होते. विषबाधा वाढली की मनगटाचे स्नायू दुर्बळ होऊन पंजा खाली लोंबू लागे, म्हणजे ज्या हाताने रेघ काढावयाची तोच निकामी होई. १९२१ मध्ये जिनेव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने इमारतींच्या आतील रंगकामात सफेदा वापरण्यावर निर्बंध घालणारा करार केला. तो इमारतींपुरता होता. गाड्या रंगविणाऱ्यांचा त्यात विचार झालेला नव्हता.

सावकाशीच्या या धंद्याला पहिला धक्का हेन्री फोर्ड यांनी दिला. त्यांची ‘मॉडेल टी’ १९०८ च्या ऑक्टोबरात बाजारात आली, तेव्हा ती करड्या, हिरव्या, निळ्या, तांबड्या अशा रंगांत मिळत असे. काळा रंग सुरुवातीला नव्हताच. पुढे १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती जोडणी सुरू झाली आणि १९१४ पासून १९२५ पर्यंत ही मोटार काळ्याखेरीज दुसऱ्या रंगात मिळेनाशी झाली. काळ्याविषयीचे फोर्ड यांचे वाक्य त्यांच्या १९२२ च्या आत्मचरित्रामुळे जगभर गेले. काळा रंग सर्वांत लवकर वाळतो म्हणून त्यांनी तो निवडला, असे पुष्कळदा सांगण्यात येते. परंतु स्वस्तपणा, टिकाऊपणा आणि कारखाना एकाच रंगावर चालविण्याची सोय ही कारणे अधिक पटण्यासारखी आहेत. डांबरी राळ व जवसाचे तेल यांपासून केलेला हा काळा ‘जपान’ रंग पत्र्याच्या भागांवर देऊन ते भाग भट्टीत भाजीत. लाकडी चाकाला तेवढी आंच मानवणारी नव्हती, म्हणून त्याची वाट निराळी ठेवली होती. चाक रंगात बुडवावयाचे, वर उचलून वेगाने गरगरा फिरवावयाचे आणि जादा रंग आपोआप उडू द्यावयाचा. ज्या फिरत्या चाकावर जुना कारागीर श्वास रोखून रेघ काढी, त्याच चाकाचे फिरणे आता कारागिराची गरजच संपविण्याच्या कामी आले.

या रंगकामात येथील शेतकऱ्याचाही वाटा होता. त्या काळी युरोपच्या तेलघाण्यांना जवस पुरविणाऱ्या देशांत हिंदुस्थान प्रमुख होता, आणि हिंदुस्थानातील जवसाचा मोठा भाग मध्य प्रांतातून जाई. तेथील पिकाचे तेल लंडनच्या रस्त्यांवरील गाड्यांवर चकाकत असले पाहिजे, असे म्हणण्यास हरकत नाही.

घरच्या घरी चाके रंगविण्याची प्रथा रुजली ती याच काळात, आणि तिचे मूळ हौसेपेक्षा रोगणाच्या दुबळेपणात अधिक आहे. तेलाचे रोगण उन्हाने पिवळे पडे, मग त्याला भेगा जात, आणि वर्षा-दोन वर्षांत मोटार पुन्हा रंगवावी लागे. कारागिराची मजुरी मॉडेल टीच्या मालकाला, म्हणजे शेतकऱ्याला किंवा दुकानदाराला, परवडणारी नव्हती. अमेरिकेतील रंगाच्या कंपन्यांनी हे नेमके हेरले. मालकाने स्वतः ब्रशने द्यावयाच्या मोटार-इनॅमलच्या डब्यांच्या जाहिराती तेथील मासिकांत झळकू लागल्या. गाडी जॅकवर उचलावी, चाके काढावी किंवा आसावरच फिरती ठेवावी, चिखल आणि वंगण खरवडून काढावे, जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवावी आणि मग एकेका आऱ्यावर ब्रश चालवावा, असा हा खटाटोप होता. पुढे दोन-तीन दिवस गाडीला हात लावावयाचा नाही. काम ओबडधोबड होई, पण चाकांच्या बाबतीत ते खपून जाई. दरवाजावरील ब्रशाची खूण दुरून दिसते, फिरत्या आऱ्यावरील दिसत नाही. मालकाने रंगकामाचा पहिला धडा चाकावरच गिरविला, तो या कारणाने.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकेत बंदुकीची दारू करणारे प्रचंड कारखाने रिकामे पडले. नायट्रोसेल्युलोज, म्हणजे नत्राम्लाचा संस्कार केलेला कापूस, हा त्यांचा माल. तोच पदार्थ सिनेमाच्या फिती करण्यास लागे आणि त्याचे लॅकरही होई. अडचण अशी होती की, त्याचे द्रावण फार दाट होत असल्याने ते पातळ करावे लागे, आणि मग पृष्ठभागावर रंगाचा थर अगदी विरळ बसे. १९२० च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतील पार्लिन येथे ड्यू पाँट कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांना असे आढळले की, सोडियम ॲसिटेट मिसळलेले एक पिंप उष्म्यात पडून राहिले असता त्यातील द्रावण पातळ झाले आहे. आता त्याच पातळपणात कितीतरी अधिक घन पदार्थ मावू लागला. त्यातून ‘ड्युको’ निघाले, आणि १९२४ सालच्या ओकलंड मोटारी निळ्या ड्युकोने रंगून बाजारात आल्या. जे काम आठवडे घेई ते तासांवर आले, आणि काळ्याचे राज्य संपले. फोर्ड यांनाही १९२६ च्या गाड्यांसाठी पुन्हा रंगाचे डबे उघडावे लागले.

लॅकर हा शब्द दूरचा वाटला तरी तो येथीलच आहे. संस्कृतातील लाक्षा, आपली लाख, पोर्तुगीजांच्या जिभेवर ‘लाक्र’ झाली आणि तेथून युरोपच्या भाषांत शिरली. पळस, बोर, कुसुंब या झाडांवरील किड्यांच्या राळेचे नाव अखेरीस बंदुकीच्या दारूच्या भावंडाला चिकटले. गोव्यातील वाचकांना या शब्दाच्या प्रवासाचे नवल वाटू नये.

ड्युकोने मोटारींना रंग दिले, परंतु मालकाच्या हातून ब्रश काढून घेतला. लॅकर इतक्या झपाट्याने सुकते की ब्रशाचा दुसरा फटका मारेपर्यंत पहिला घट्ट होऊन जातो. ब्रशने देण्याजोगे निराळे लॅकर लवकरच निघाले खरे, पण खऱ्या लॅकरला तुषारच हवा होता. तुषार उडविण्याचे यंत्र मात्र मोटारीच्या आधीच तयार होते. १८८७ मध्ये शिकागोच्या मार्शल फील्ड या दुकानाच्या देखभालीचे काम पाहणाऱ्या जोसेफ बिंक्स यांनी तळघराच्या भिंतींना चुना देण्यासाठी हातपंपाचा फवारा केला होता. ओहायोतील टोलेडो येथील डॉ. ॲलन डेव्हिलबिस हे घशाच्या रोग्यांसाठी औषधी तुषार उडविणारी कुपी बनवीत. त्यांचे पुत्र टॉमस यांनी १९०७ च्या सुमारास त्याच तत्त्वावर रंगाची बंदूक सिद्ध केली. रोग्याचा घसा बरा करण्यासाठी निघालेल्या उपकरणाने पुढे हजारो रंगाऱ्यांचे घसे बिघडविले.

या बंदुकीला दाबलेली हवा लागते, आणि त्यासाठी कॉम्प्रेसर. तो घरी कोणाजवळ असणार? काम गॅरेजकडे गेले. तेथे एक नवीच अडचण उद्भवली. दुरंगी गाड्यांची टूम निघाली होती आणि दोन रंगांची सीमा आखण्यासाठी कारागीर वर्तमानपत्राचे कागद डिंकाने किंवा वैद्यकीय चिकटपट्टीने लावीत. ते काढताना खालचा ताजा रंगही निघून येई. मिनेसोटातील ‘थ्री एम’ ही तेव्हा पॉलिश पेपर विकणारी कंपनी होती. तिचा तरुण नोकर रिचर्ड ड्र्यू पॉलिश पेपरचे नमुने घेऊन एका रंगशाळेत गेला असता त्याने कारागिरांची ही चिडचिड ऐकली. त्याच्या खटपटीतून १९२५ मध्ये रंग न उचलणारी कागदी चिकटपट्टी निघाली. आज घरोघरी दिसणाऱ्या चिकटपट्ट्यांचे कूळ मोटारीच्या रंगशाळेत आहे.

मुंबईलाही हे नवे जग लवकर पोहोचले. १९२० मध्ये लोअर परळला गहागन कंपनीचा रंग व रोगणाचा कारखाना निघाला होता, तोच पुढे नेरोलॅक या नावाने प्रसिद्धीस आला. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला सुटे भाग आणून मोटारी जोडण्यास आरंभ केला, आणि १९४२ मध्ये एशियन पेंट्सचा जन्म झाला.

तोपर्यंत चाकही बदलले होते. इंग्लंडातील रज-व्हिटवर्थ यांच्या तारांच्या चाकांना शर्यतींत मान मिळाला. हलकी आणि देखणी अशी ही चाके, पण प्रत्येक तार वेगळी पुसावी आणि वेगळी रंगवावी लागे, त्यामुळे नोकर नसलेल्या मालकाला ती शिक्षाच होती. दाबलेल्या पोलादी पत्र्याचे चाक स्वस्त आणि भक्कम ठरले आणि सामान्य मोटारींच्या वाट्याला तेच आले. पोलादाला भीती गंजाची. रंगाचा पापुद्रा एका जागी खडीने उडाला की तेथून गंज रंगाखाली सरपटत जातो, आणि वरून चाक धडधाकट दिसत असताना कडेचा पत्रा खाल्ला जातो. १९२४ मध्ये लियाँच्या शर्यतीत बुगाटींनी आपल्या ‘टाइप ३५’ मोटारीला ओतीव ॲल्युमिनियमची आठ रुंद आऱ्यांची चाके लावली, तेव्हा आणखी एक घराणे सुरू झाले. ॲल्युमिनियम गंजत नाही अशी समजूत आहे. तांबूस गंज त्याला येत नाही एवढेच खरे. पांढरा, भुकटीसारखा क्षय त्यालाही लागतो आणि तोही रंगाखालूनच पसरतो.

मालकाच्या हाती रंगकाम परत आले ते एका डब्यामुळे, आणि त्या डब्याची हकीगत सविस्तर सांगण्याजोगी आहे. नॉर्वेचे अभियंते एरिक रोथाइम यांनी १९२० नंतरच्या दशकात दाबलेल्या वायूने तुषार उडविणाऱ्या डब्याची कल्पना मांडली होती, पण ती कोणी फारशी उचलली नाही. तिला वेग दिला डासांनी. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर अमेरिकन सैनिक शत्रूइतकेच हिवतापानेही जर्जर होत होते. अमेरिकेच्या शेतकी खात्यातील लाइल गुडह्यू आणि विल्यम सुलिव्हन यांनी द्रवरूप वायूने कीटकनाशक उडविणारा पोलादी डबा तयार केला. सैनिक त्याला कीटकांचा बाँब म्हणत. युद्धानंतर पातळ पत्र्याचे डबे आणि स्वस्त झडपा निघाल्या.

१९४९ मध्ये इलिनॉय राज्यातील सिकामोर या लहानशा गावी एडवर्ड सेमूर हे रंगविक्रेते वाफेच्या उष्णकांवर द्यावयाचा ॲल्युमिनियमचा रुपेरी रंग गिऱ्हाइकांना कसा दाखवावा या विवंचनेत होते. सुगंधी फवाऱ्यासारखा तो उडवून पाहावा, असे त्यांच्या पत्नी बॉनी यांनी सुचविले. रंगाचा पहिला फवारा-डबा असा निघाला. त्यातील रंग रुपेरी होता ही गोष्ट गंमतीची आहे, कारण पुढे पोलादी चाकांवर मालकांनी सर्वांत अधिक फवारला तो रुपेरीच. डबा हलविताना आत खुळखुळणारी गोळी तळाशी बसलेला रंग ढवळते. न ढवळलेला डबा आधी पाणचट तुषार उडवितो आणि मागाहून गुठळ्या, हा अनुभव उतावळ्या माणसांना नेहमी येतो.

कॉम्प्रेसर नको, बंदूक नको, ब्रशाच्या खुणा नाहीत. चाक काढावे, साबणाने व नंतर सॉल्व्हंटने पुसावे, पॉलिश पेपरने खरबरीत करावे, टायरच्या कडेला पत्ते खोचून ती झाकावी, अस्तर उडवावे आणि पातळ पातळ हात द्यावे. एकेकाळी मालकाच्या हातून गेलेली कला शनिवार-रविवारच्या सुट्टीत बसू लागली.

तिची किंमत मात्र आकाशात मोजली जात होती. डब्यांतील रंग ढकलणारा वायू बहुधा फ्रिऑन असे. तो न जळणारा, गंधहीन आणि निरुपद्रवी समजला जाई. १९७४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील शेरवुड रोलंड आणि मारिओ मोलिना यांनी दाखवून दिले की, खाली कशाशीही संयोग न पावणारा हा वायू वर चढत जातो आणि तेथील तीव्र किरणांनी फुटून मोकळा झालेला क्लोरीन ओझोनचा थर नष्ट करतो. उद्योगपतींनी त्यांना पुष्कळ विरोध केला. तरीही १९७८ मध्ये अमेरिकेने बहुतेक डब्यांतून हा वायू काढून टाकला, १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला, आणि १९९५ मध्ये पॉल क्रुट्झन यांच्यासह या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. डब्यांत आता प्रोपेन, ब्यूटेन, डायमिथिल ईथर यांसारखे वायू असतात. ते ओझोनला अपाय करीत नाहीत, पण पेट घेतात. स्वयंपाकाच्या गॅसचे हे सख्खे भाऊ बंद खोलीत, पेटत्या शेगडीजवळ किंवा ओढलेल्या विडीजवळ फवारणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको.

फुफ्फुसांचा प्रश्न त्यानंतर अधिकच बिकट झाला. पॉलियुरेथेनचा पाया १९३७ मध्ये जर्मनीतील ओटो बायर यांनी घातला होता. त्यातून निघालेले दोन भागांचे रंग पेट्रोल, ब्रेकचे तेल आणि खडी यांना दाद देत नाहीत, म्हणून चाकांसाठी ते उत्कृष्ट ठरतात. पण त्यांच्या कठीणकारक भागात आयसोसायनेट असतात. त्यांचा तुषार श्वासावाटे वारंवार आत गेल्यास दमा जडतो, आणि तो एकदा जडला म्हणजे पुढे अत्यल्प मात्राही पुरते. मोटारी रंगविणाऱ्यांत व्यवसायजन्य दम्याचे हे एक मोठे कारण असल्याचे इंग्लंडातील पाहणीत वारंवार दिसून आले आहे. साधा कापडी रुमाल तर सोडाच, गाळणीचा मुखवटाही त्यावर भरवशाचा नाही. स्वच्छ हवा नळीने पुरविणारा मुखवटा लागतो. गल्लीच्या तोंडाशी, नाकाला रुमाल बांधून बंदूक चालविणारा पोरगेला कारागीर जेथे जेथे दिसतो, तेथे हा हिशेब अपुरा राहिलेला आहे असे समजावे. शिशाचेही तसेच. भारतात २०१६ च्या नियमांनी घरगुती व शोभेच्या रंगांतील शिसे दशलक्ष भागांत ९० भागांवर आणून ठेवले आहे, परंतु कारखान्यांत व वाहनांवर वापरावयाचे रंग त्या नियमांच्या बाहेर राहिले. जुन्या चाकावरील जुना रंग कोरडा घासण्यापेक्षा पाण्याने ओला करून घासावा, हे घोडागाडीच्या काळचे शहाणपण आजही लागू पडते.

आता चाकांना द्रवाऐवजी भुकटीचा लेप देण्याची पद्धत सर्वत्र झाली आहे. १९५० नंतरच्या दशकात एर्विन गेमर यांनी जर्मनीत तापलेला धातू प्लास्टिकच्या उसळत्या भुकटीत बुडविण्याची रीत काढली. पुढे विद्युत्भार देऊन भुकटी फवारण्याची युक्ती आली. ती भुकटी साधारण १८० ते २०० अंश सेल्सियसला वितळून एकजीव होते. सॉल्व्हंटचा वास नाही, ओघळ नाहीत, आणि लेप चिवट. हौशी माणसे हे काम घरच्या विजेच्या भट्टीत करतात. त्या भट्टीत पुन्हा पाव भाजू नये हे तर उघडच आहे. त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की, ॲल्युमिनियमच्या चाकाचे बळ मोजून-मापून दिलेल्या उष्णसंस्कारांतून आलेले असते, आणि अंदाजाने दिलेली जास्तीची आंच ते बळ कमी करू शकते.

अखेरीस चाक म्हणजे कपाट नव्हे. कपाटाला रंगाचे सहा थर चढले तरी दार फार तर घट्ट लागेल. चाकाची पाठ हबवर जेथे टेकते आणि नट जेथे बसतात, तेथे धातूला धातूच भेटला पाहिजे. मध्ये रंगाचा जाड थर राहिला तर नट आवळताना सर्व काही घट्ट लागते. मग चालता चालता दाब आणि उष्णता यांनी तो थर चेपतो, आणि नटाने धरलेला ताण सुटत जातो. म्हणून रंगविलेले चाक बसविल्यावर थोडे अंतर चालवून नट पुन्हा तपासावयाचे असतात. आणि चाक रंगविण्यापूर्वी त्या पाठीवर व नटांच्या उतरत्या बैठकींवर रिचर्ड ड्र्यूची ती १९२५ सालची चिकटपट्टी आधी लावून घ्यावयाची असते.